प्रोग्रामच्या भागांचे नामकरण

आमच्या आळंद गावाच्या पत्त्याने किती वेश पालटले, हे घरातील जुन्या कागदांवरून दिसते. 1956 पर्यंत गाव हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात आले. 1973 साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. आणि 2014 साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. आळंद मात्र आळंदच राहिले. विद्यार्थिमित्रांनो, संगणकाचा प्रोग्राम लिहिताना नावे कशी ठेवावीत, या प्रश्नाकडे आम्ही याच वाटेने वळणार आहोत.

प्रोग्राम मोठा होऊ लागला की तो एकाच फाइलीत मावत नाही. मग हजेरीचे काम एका फाइलीत, गुणांचे दुसरीत, फीचे तिसरीत, असे भाग पाडावे लागतात. अशा प्रत्येक भागास मॉड्यूल म्हणतात. एका मॉड्यूलला दुसऱ्याची मदत हवी असली म्हणजे ते त्यास नावाने हाक मारते. संगणकास चेहरा ओळखता येत नाही. त्याला फक्त नाव ठाऊक. नाव चुकले, की काम अडले.

एकाच नावाचे दोघे असले तर काय होते? आमच्या तालुक्यात मादन हिप्परगा आहे, विजयपूर जिल्ह्यात देवर हिप्परगी आहे, सोलापूरजवळ आणखी एक हिप्परगा आहे. आपल्या पूर्वजांनी ही अडचण केव्हाच ओळखली होती. म्हणून कोठे बुद्रुक-खुर्द म्हणजे थोरले-धाकटे अशी जोड दिली, कोठे देवाचे नाव लावले, आणि पत्रावर गाव, तालुका, जिल्हा असा क्रम घातला. जावा भाषेत मॉड्यूलांच्या गटास नेमके असेच लांब, पायरीपायरीचे नाव देण्याची रीत आहे. फरक इतकाच, की तेथे मोठ्या घराचे नाव आधी येते.

पायथॉन शिकणाऱ्या मुलांची एक फजिती तर ठरलेली. चिठ्ठ्या टाकण्याचा खेळ लिहावयाचा म्हणून मुलगा आपल्या फाइलीस 'रँडम' असे नाव देतो, आणि तिच्यातच पायथॉनच्या ग्रंथालयातील 'रँडम' मॉड्यूलला बोलावतो. संगणक प्रथम त्या फाइलीच्या स्वतःच्याच फोल्डरात पाहतो, तेथे मुलाचीच फाइल सापडते, आणि 'मागितलेली वस्तू येथे नाही' असे उत्तर मिळते. बिचारा तासभर आकडेमोड तपासत बसतो. दोष असतो केवळ बारशात! 'चिठ्ठी' हे नाव ठेवले असते तर काहीच बिघडले नसते.

आता लिपीचा प्रश्न. 2008 साली निघालेल्या तिसऱ्या पायथॉनपासून देवनागरी नावेही चालतात, आणि आपल्यापुरत्या अभ्यासासाठी ती अवश्य वापरावीत असे आम्हांस वाटते. पण काम अनेकांचे असेल तर बहुधा रोमन लिपीच घ्यावी लागते, आणि तेथे आपला 'ळ' हरवतो. रोमन लिपीत आळंद लिहून पाहा. फिनलंडच्या एका द्वीपसमूहाच्या नावावरील लहानसे वर्तुळ गाळले तर तीच अक्षरे उरतात! हजेरीचेही तसेच. एक जण 'ह'पुढे एक 'ए' लिहितो, दुसरा दोन. तिसरा आमच्या बाजूच्या कानडी वळणाने 'हाजरी' लिहितो. चौथा इंग्रजी शब्दच घालतो. चौघेही आपापल्या जागी बरोबर, पण चौघांचा मिळून प्रोग्राम चालत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांनी बसून शब्दांची एक यादी करावी व ती फोल्डरातच ठेवावी. कोणते स्पेलिंग निवडले याहून सर्वांनी तेच पाळले याला महत्त्व अधिक.

2001 साली लिहिल्या गेलेल्या पायथॉनच्या शैलीपत्रिकेत मॉड्यूलचे नाव आखूड व सगळे लहान अक्षरांत असावे, वाचण्यास सोपे जात असेल तर शब्दांमध्ये खालची रेघ द्यावी, असे सांगितले आहे. यामागे व्यवहार आहे. लिनक्स मोठे व लहान रोमन अक्षर वेगळे मानते. विंडोज सामान्यतः मानत नाही. लिनक्सवर शेजारी सुखाने नांदणाऱ्या दोन फाइली विंडोजवर नेल्या की एकीवर दुसरी बसते आणि पहिलीतले काम जाते. आडवी रेघ नावात घालू नये, कारण संगणक तिला वजाबाकी समजतो; आणि आरंभी आकडा नको.

सर्वांत मोठी चूक मात्र संगणक कधीच दाखवीत नाही. 'निकाल नवा', 'निकाल शेवटचा', 'निकाल अगदी शेवटचा' ही नावे कोणी पाहिली नाहीत? पुढच्या वर्षी नवा तो जुना होतो. तसेच वर्गाचे, वर्षाचे किंवा जिल्ह्याचे नाव मॉड्यूलला चिकटवू नये. गुलबर्गा हे नाव चाळीस फाइलींच्या नावांत असते, तर 2014 साली चाळिसांचीही नावे आणि त्यांना मारलेली प्रत्येक हाक बदलावी लागली असती. मॉड्यूल काय करते ते नावात यावे. जिल्ह्याचे नाव आत एका जागी लिहून ठेवावे.

तरीही कधी नाव बदलावेच लागते. जगभरच्या संगणकांत स्थानिक वेळांचे एक कोष्टक असते. त्यात भारताची वेळ 'एशिया' या गटात कलकत्ता या नावाखाली नोंदलेली होती. शहराचे इंग्रजी नाव 2001 साली कोलकाता झाले. पुढे कोष्टकातही कोलकाता आले. पण कलकत्ता पुसले नाही. ते नाव कोलकात्याकडे बोट दाखवीत तेथेच राहिले, म्हणून जुने प्रोग्राम आजही अडत नाहीत. आपणही नाव बदलले तर जुन्या नावाची दोन ओळींची फाइल ठेवून तिच्यात नव्या नावाचा पत्ता द्यावा. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी अजून गुलबर्गाच म्हणतात, आणि बस त्यांना कलबुर्गीस नेऊन सोडते.