नित्याचा प्रवास आणि विम्याची निवड

प्रवासविमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सहारचा विमानतळ आणि परदेशी निघालेला एखादा गृहस्थ उभा राहतो. परंतु खरा नित्यप्रवासी कोण? मुलुंडहून लोकलने घाटकोपरला येऊन मेट्रोने अंधेरी गाठणारी माझ्यासारखी विद्यार्थिनी आणि बोरिवलीहून सकाळच्या गर्दीत लोंबकळत येणारे आपले प्राध्यापक, हेच होत. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तरी जाऊन-येऊन पाचशे प्रवास होतात. या पाचशे प्रवासांना संरक्षण कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कायद्याने काय मिळते ते पाहू. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४-अ नुसार चालत्या गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशास वा त्याच्या वारसांस भरपाई मिळते. मृत्यूची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख करण्यात आली. येथे रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. चढता-उतरताना प्रवाशाचा निष्काळजीपणा झाला एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रीना देवी खटल्यात स्पष्ट केले. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे. मात्र वारसांनी प्रतिज्ञापत्राने तसे मांडावे लागते. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करावयाचा असतो. दुःखात बुडालेल्या घरात ही मुदत कोणाच्या ध्यानी राहणार? म्हणून ती आधीच ठाऊक असलेली बरी.

आता या संरक्षणाची भोके. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशा आणि नैसर्गिक आजार यांना ते लागू नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेला मनुष्य तर या कलमाच्या दृष्टीने प्रवासीच नसतो; उलट कलम १४७ प्रमाणे रुळांवर विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. घरापासून स्टेशनापर्यंतच्या रिक्षाशी आणि बेस्टच्या बसशीही या कलमाचा संबंध नाही.

रेल्वेच्या संकेतस्थळावरून आरक्षण करताना एक रुपयाहूनही कमी पैशांत दहा लाखांचा विमा मिळतो, हे पुष्कळांना माहीत आहे. २०१६ साली सुरू झालेली ही सोय उपनगरी गाड्यांना मात्र लागू नाही. कोकणात गणपतीला जाताना आपण सुरक्षित, आणि रोज कॉलेजला येताना नाही! असो.

तेव्हा रोजच्या प्रवाशाने फेरीगणिक विमा शोधण्यापेक्षा वर्षभराचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, असे माझे मत आहे. तो लोकल, मेट्रो, रिक्षा, जिना असा भेद करीत नाही. सर्वांत स्वस्त म्हणजे २०१५ ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वय १८ ते ७०, बँकखात्यातून वर्षाला २० रुपये, मृत्यूस दोन लाख. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते. त्या सुमारास खात्यात पैसे नसले तर संरक्षण खंडित होते. विद्यार्थ्यांच्या खात्यांची अवस्था पाहता ही धास्ती खरीच.

कमावत्या माणसास दोन लाख अपुरे. त्याच्यासाठी विमा नियामकाने ठरवून दिलेली 'सरल सुरक्षा बीमा' ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे. तिची रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. येथे नुसता मृत्यूचा आकडा पाहू नये. लोकलमधून पडलेला मनुष्य पुष्कळदा वाचतो, पण चार महिने अंथरुणाला खिळतो. त्या काळातील बुडालेल्या मिळकतीसाठी तात्पुरत्या संपूर्ण अपंगत्वाचे कलम या पॉलिसीत जादा हप्त्यावर मिळते. मी असते तर आधी तेच मागितले असते. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताविषयी कंपनीस लेखी विचारावे. मृत्यूची रक्कम रेल्वेच्या भरपाईखेरीज मिळते. रुग्णालयाच्या खर्चाचे तसे नसते, तो दोनदा वसूल करता येत नाही.

राहिले परिषदांसाठी वारंवार परदेशी जाणारे प्राध्यापक. त्यांच्यासाठी वर्षभराची बहुफेरी पॉलिसी असते, पण एकेका फेरीस बहुधा ३० वा ४५ अशा ठराविक दिवसांची मर्यादा घातलेली असते. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, तेही तीत आहे ना ते पाहावे. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांना मात्र ही पॉलिसी उपयोगाची नाही. त्यांनी त्या एका फेरीपुरतीच, संपूर्ण मुदतीची पॉलिसी घ्यावी आणि जुना मधुमेह, रक्तदाब अर्जात लिहावा.