हातमोजे घालूनच जीपीएस निवडा

दुकानात सगळेच जीपीएस चांगले दिसतात. वर ट्यूबलाइट, बोटं उबदार, बॅटरी भरलेली आणि समोर विक्रेता रंगीत नकाशा मोठा-छोटा करून दाखवतोय. मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात, मार्क्वेटकडे, नोव्हेंबरच्या मध्याला सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतरच्या तासाभरात हे यंत्र कसं वागेल, एवढा एकच प्रश्न मनात ठेवून ते विकत घ्यावं, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर शिकारीचा विषय मिटत गेला. माझ्या पिढीने ती पुस्तकांतच वाचली. मिशिगनमध्ये मात्र १५ ते ३० नोव्हेंबर हा हरणांच्या शिकारीचा, बंदुकीचा हंगाम ठरलेला. मी नोकरी करतो त्या इथल्या कारखान्यातले सहकारी परवाना काढतात, भडक नारिंगी जाकिटं चढवतात आणि उत्तरेची वाट धरतात. त्यांच्या नादाने मीही जाऊ लागलो.

अशाच एका संध्याकाळी आमच्यातल्या एकाची गोळी एका नराला लागली आणि जखमी जनावर सीडरच्या दलदलीत शिरलं. त्याने वॉकीटॉकीवरून आपली जागा कळवली: ‘सेहेचाळीस अंश, तीस पॉइंट पन्नास मिनिटं.’ माझ्याबरोबरच्या गड्याचं यंत्र अंश-मिनिट-सेकंदावर लावलेलं होतं. त्याने ३० मिनिटं, ५० सेकंद असं भरलं. आता ३०.५० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं, ३० सेकंद. फरक वीस सेकंदांचा, पण जमिनीवर तो सव्वासहाशे मीटरच्या आसपास जातो. मोकळ्या माळावर एवढं अंतर म्हणजे काहीच नाही. अंधारात, आल्डरच्या जाळीत, घोट्याभर पाण्यात ते संपता संपत नाही. वरून ओला बर्फ पडत होता आणि टचस्क्रीनवर पडलेला प्रत्येक थेंब यंत्राला बोटासारखा वाटत होता. नकाशा आपोआप सरकत होता, मध्येच मोठा होत होता. हातमोजा काढावा तर बोटं बधिर. तिघांकडे तीन यंत्रं होती आणि शेवटी आम्हाला एकत्र आणलं ते ट्रकच्या हॉर्नने. हरीण सकाळी सापडलं, तोवर कोयोटींनी त्याचा निम्मा फडशा पाडला होता.

म्हणून पहिली गोष्ट बटणांची. दुकानात जाताना जाड हातमोजे बरोबर न्या, ते घालून यंत्र चालू करा, उभे आहात ती जागा ‘वेपॉइंट’ म्हणून नोंदवा आणि तिच्याकडे परतीची दिशा लावून दाखवा. हे तीन उद्योग स्क्रीनला बोट न लावता जमले पाहिजेत. जमत नसतील तर यंत्र कितीही देखणं असो, जागेवर ठेवून द्या.

दुसरी गोष्ट सेलची. मी अजूनही पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र पसंत करतो, कारण राखीव जोडी खिशात मावते. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियमचे पेन्सिल सेल उणे ४० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात आणि वजनालाही हलके. सेल बदलल्यावर सेटिंगमध्ये सेलचा प्रकारही बदला, नाहीतर किती दम उरलाय ते यंत्र चुकीचं दाखवतं. आत बसवलेल्या बॅटरीचं यंत्र घेणार असाल तर पॉवर बँक अंगालगत ठेवा, बाहेरच्या कप्प्यात नको.

झाडीत सिग्नल खोडांवर, ओल्या फांद्यांवर आपटून वेड्यावाकड्या वाटेने येतो. उपग्रहांच्या सिग्नलचे एल१ आणि एल५ असे दोन्ही पट्टे पकडणारं यंत्र अशा जागी जास्त भरवशाचं ठरतं. पैसे वाढवायचेच असतील तर इथे वाढवा. बऱ्याच स्वस्त यंत्रांत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं. तुम्ही चालत असाल तरच ती दिशा दाखवतात, उभे राहिलात की त्यांना काही कळत नाही.

साधं होकायंत्र आणि कागदी नकाशा जवळ हवाच, पण या मुलखात होकायंत्रालाही मर्यादा आहे. १८४४मध्ये विल्यम ऑस्टिन बर्ट हा सर्वेक्षक याच भागातल्या निगॉनीजवळ मोजणी करत असताना त्याच्या चमूची चुंबकसुई भलतीकडेच वळू लागली. कारण होतं पायाखालचं लोहखनिज. सुदैवाने उन्हावर चालणारं होकायंत्र त्याने स्वतःच बनवलेलं होतं. खनिज आजही तिथेच आहे.

नकाशात जमिनीच्या मालकीच्या हद्दी हव्यात. राष्ट्रीय वन, राज्याची जमीन, खासगी रान हे सगळं इथे एकमेकांत मिसळलेलं आहे. त्यातच ‘कमर्शियल फॉरेस्ट’ म्हणून नोंदलेली खासगी रानं करसवलतीच्या बदल्यात पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना खुली असतात. हद्दी दाखवणारी फोनवरची ॲप उत्तम आहेत, मात्र नकाशे घरूनच उतरवून न्या आणि फोन आतल्या खिशात ठेवा.

निघण्यापूर्वी ट्रकपाशी सगळ्यांनी यंत्रं शेजारी धरून अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचावेत. आकडे एकाच पद्धतीचे दिसेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग ट्रकचा वेपॉइंट करायचा आणि चाललेली वाट नोंदवणारा ‘ट्रॅक’ चालू झाल्याची खात्री करायची.

इरिडियमसारख्या उपग्रहांवरून संदेश पाठवणारी यंत्रंही मिळतात. एकट्याने जाणाऱ्याने, मासिक वर्गणी भरावी लागली तरी, असं एक यंत्र घ्यावंच. फक्त सुट्टीत घरी जाताना ते बॅगेत टाकू नका. भारतात परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर प्रवाशाला त्यापायी ताब्यात घेतल्याचं उदाहरण आहे. सह्याद्रीतल्या घाटवाटांसाठी नुसता सिग्नल घेणारा जीपीएस पुरतो, आणि वर सांगितलेल्या कसोट्या त्यालाही लागू आहेत. तिथे हातमोज्यांऐवजी पाऊस असतो, तेव्हा दुकानात बोटं पाण्यात बुडवून बघा.