ओझोन आणि वृक्षांचा आनुवंशिक वारसा

ओझोन म्हटले, की सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारे उंचावरील छत्र तुम्हाला आठवेल. परंतु हाच वायू जमिनीलगत साचला, तर तो विषारी ठरतो. मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे व हायड्रोकार्बने यांच्यावर ऊन पडले, की रासायनिक क्रियांतून तो तयार होतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस सान बर्नार्डिनो पर्वत आहेत. १९५० नंतरच्या दशकात तेथील पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या सुया पिवळ्या ठिपक्यांनी भरून अकाली गळू लागल्या. पॉल मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाइनच्या सुयांवर ओझोन सोडून पाहिला. नेमकी तीच लक्षणे उमटली! हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र जंगलात एक झाड पिवळे पडे, तर त्याच्या शेजारचे हिरवेगार राही. असे का?

ओझोन पर्णरंध्रांतून पानात शिरतो. तेथील ओलाव्यात त्याच्यापासून अतिशय क्रियाशील संयुगे बनतात व ती पेशींच्या पटलांवर हल्ला करतात. झाडही स्वस्थ बसत नाही. त्याची काही जनुके कार्यान्वित होतात आणि ही संयुगे निकामी करणारी विकरे तयार होतात. पेशीभित्तिकांतील क जीवनसत्त्वही या कामी येते. परंतु पर्णरंध्रे किती उघडावीत, संरक्षक द्रव्ये किती बनवावीत, हे ठरवणारी जनुके सर्व झाडांत सारखी नसतात.

हा फरक आनुवंशिक आहे, मातीचा किंवा पाण्याचा नाही, हे कसे ओळखायचे? त्यासाठी ॲस्पेन हा वृक्ष फार सोयीचा. त्याच्या मुळांपासून फुटवे येतात. एकाच झाडाचे सर्व फुटवे जनुकांच्या दृष्टीने सारखे, म्हणजेच एक 'क्लोन' असतात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या निरनिराळ्या राष्ट्रीय उद्यानांतील ॲस्पेनची रोपे करून, ती सारख्याच परिस्थितीत ओझोनमध्ये ठेवण्यात आली. जास्त ओझोन असलेल्या भागांतून आलेल्या रोपांच्या पानांना कमी इजा झाली. पुढे विस्कॉन्सिन राज्यात १९९८ ते २००९ या काळात उघड्या रानात, ३० मीटर व्यासाच्या वर्तुळाकार वाफ्यांत असाच प्रयोग झाला. तेथेही काही क्लोनांची वाढ खुंटली, तर काही बऱ्याच अंशी टिकून राहिले.

याचा अर्थ झाडांना ओझोनची 'सवय' झाली, असा करू नका. नाजूक झाडे वाढीत मागे पडतात, शेजाऱ्यांच्या सावलीत सापडतात, त्यांचे बी कमी रुजते. सहनशील झाडांची संतती वाढते. हीच नैसर्गिक निवड.

मग चिंता कशाची? मागे पडलेल्या झाडांबरोबर त्यांची इतर जनुकेही जंगलातून कमी होतात. त्यांतील एखादे उद्याच्या अवर्षणात किंवा किडीच्या साथीत उपयोगी पडले असते. शिवाय वृक्षांच्या पिढ्या फार सावकाश बदलतात. प्रदूषण मात्र काही दशकांतच वाढते. म्हणून 'झाडे जुळवून घेतील' असे म्हणून धूर सोडत राहणे योग्य नव्हे.

विचार करा : वरील प्रयोगात क्लोनांऐवजी बियांपासून उगवलेली रोपे वापरली असती, तर निष्कर्ष काढणे अवघड का झाले असते?