वृद्धांची रोजची वांटणी

शास्त्रपाठ : प्रे. कृ. ६ : १-७, मार्क ७ : ९-१३, १ तीम. ५ : ३-१६.

पहिल्या मंडळींत जी पहिली कुरकुर उठली ती विधवांच्या भाकरीवरून उठली, ही गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचतांना आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. यरुशलेमांत रोजची वांटणी होत असे. तींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा वगळल्या जात. वांटणारे लोक लबाड होते असें लूक कोठेंही म्हणत नाहीं. आम्हांस वाटतें, त्यांस त्या बायांचीं दारें ठाऊक नव्हतीं व त्यांची बोली नीट कळत नव्हती; म्हणून जी पुढें येऊन मागेल तिच्याच पदरांत पडावें असें होऊन बसलें. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविलें नाहीं. सात माणसें निवडावयास सांगितलें. त्या सातांचीं नांवें वाचून पाहा, तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहिल्या त्यांच्यांतलींच माणसें वांटणीवर नेमलीं गेलीं, असें यावरून दिसतें.

आज आपल्या देशांत अशी एक वांटणी सरकारच्या हातून चालते, आणि तींतही वगळलेले पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कांहीं रविवारीं आपल्याच उपासनेस सतरंजीवर येऊन बसतात. म्हणून हा पाठ त्या विषयावर योजिला आहे.

भारत सरकारनें १५ ऑगस्ट १९९५ पासून निराधार वृद्धांस दरमहा निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. तेव्हां वयाची अट ६५ वर्षें व रक्कम ७५ रुपये होती. २००६ सालीं ७५ चे २०० झाले. २००७ सालीं योजनेस इंदिरा गांधी यांचें नांव मिळालें व ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांकरितां ठरली. २०११ सालीं वयाची अट ६० वर आली, आणि ८० वर्षें पूर्ण झालेल्यांस ५०० रुपये देण्याचें ठरलें. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाकरितां केंद्राचा वाटा मात्र २०२५ सालींही २०० रुपयेच होता. इतक्या वर्षांत तेलामिठाचा भाव कोठें गेला हें वाचकांस सांगावयास नको.

महाराष्ट्र शासनानें या तुटपुंज्या रकमेस आपली जोड दिली आहे. तिचें नांव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. ती ६५ वर्षें व त्यापुढील वयाच्या निराधारांकरितां आहे. पूर्वीं तींत महिना ६०० रुपये मिळत, मग १००० झाले, आणि २०२३ सालीं १५०० करण्यांत आले. ज्यांस केंद्राचे पैसे मिळतात त्यांस राज्य वरची भर घालतें. पासष्टीच्या आंतील निराधार विधवा, अपंग वगैरेंकरितां संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० पासून चालू आहे.

श्रावणबाळ हें नांव ऐकून आपले कांहीं बंधु बिचकतात. हें दान अन्य धर्माच्या लोकांकरितां असावें अशी त्यांची समजूत होते. तसें नाहीं. या योजनेची पात्रता धर्मावर अथवा जातीवर ठरत नाहीं. ख्रिस्ती झाल्यामुळें ज्या सवलती गेल्या त्यांत ही मोडत नाहीं. उपदेशकांनीं ही एक गोष्ट जरी घरोघर सांगितली तरी मोठें काम होईल. आणि आंधळ्या आईबापांस कावडींत घालून नेणाऱ्या त्या मुलाचें नांव आपणांस खटकावें तरी कां? नामीबरोबर बेथलेहेमापर्यंत पायीं चाललेल्या रूथनें ती कावड पाहिली असती तर लागलीच ओळखली असती.

अर्जास वयाचा, वास्तव्याचा व उत्पन्नाचा पुरावा लागतो. अर्जदार महाराष्ट्रांत निदान १५ वर्षें राहिलेला असावा. वयाकरितां जन्मनोंदीचा उतारा अथवा शाळा सोडल्याचा दाखला; तो नसल्यास शिधापत्रिका किंवा मतदारयादी यांतील वय, आणि तेंही नसल्यास सरकारी रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालत आला आहे. आपल्या लोकांची खरी अडचण नांवाची होते. एका मंडळींतील विधवेचें मंडळीच्या वहींत बाप्तिस्म्याचें एक नांव, शिधापत्रिकेवर जुनें घरचें नांव, व आधारपत्रावर या दोहोंची खिचडी अशी स्थिति होती. ती तालुक्यास तीनदां गेली, तीन दिवसांचा रोज बुडाला, आणि तिन्ही वेळां कागद परत आले. पुढें तेथील उपदेशकानें सर्व कागद एकत्र मांडून, हीं तिन्ही नांवें एकाच बाईचीं आहेत असें प्रतिज्ञापत्र करविलें, तेव्हां काम सरकलें. स्तेफनाच्या हातांत लेखणी दिली असती तर त्यानें याहून निराळें काय केलें असतें?

आतां उत्पन्नाविषयीं. येथें उपदेशकाच्या सदसद्विवेकबुद्धीस कांटा बोंचतो, आणि आम्हांसही याचें उत्तर सोपें वाटत नाहीं. २०२३ सालीं रक्कम वाढली तेव्हां कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. हिशेब करून पाहा. हे महिन्याचे १,७५० रुपये होतात, दिवसाचे ५८ सुद्धां नव्हेत, आणि तेही सर्व घराचे. २०२४-२५ सालीं रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. घरांतील एका माणसानें त्या कामावर शंभर दिवस माती उपसली तर २९,७०० रुपये झाले, आणि त्याची म्हातारी आई मर्यादेबाहेर गेली! म्हणून खेडोपाडीं दाखल्यावर मर्यादेच्या आंतला आंकडा लिहून घेण्याचा प्रघात पडला आहे, व उपदेशकास साक्षीदार म्हणून सही करावयास बोलावितात. न करावी तर म्हातारी उपाशी. करावी तर नववी आज्ञा आड येते.

आमचें मत असें. जें खरें असेल तेवढेंच उपदेशकानें सांगावें : काम किती दिवस मिळतें, मजुरी किती, जमीन किती, कर्ज किती. चौकशी करून आंकडा ठरविणें हें महसूल अधिकाऱ्याचें काम आहे, तें त्याच्यावर सोंपवावें. जी म्हातारी एकटी राहते, जिला मूलबाळ नाहीं व जी शेजाऱ्यांच्या ताटावर जगते, तिचें उत्पन्न खरोखरच मर्यादेच्या आंत आहे. तिच्याकरितां खोटें बोलावेंच लागत नाहीं. आणि बहुधा तीच मागें राहते, कारण तिच्या वतीनें खटपट करणारा कोणी नसतो. प्रथम तिच्या दारीं जा. मजूर मुलाच्या आईचा प्रश्न तरीही उरतो. तो खोट्या कागदानें कायमचा सुटत नाहीं. मर्यादाच चुकीची आहे हें उघड बोलावें लागतें, ग्रामसभेंत बोलावें लागतें, आमदारास लिहावें लागतें.

असें बोलल्यानें कायदे होतात याचा दाखला आहे. लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तींत फ्रान्सिस हर्बर्ट स्टेड नांवाचे कॉंग्रिगेशनल पाळक होते. ज्या मताच्या मिशनऱ्यांनीं अहमदनगरकडे मंडळ्या स्थापिल्या त्याच मताचे हे. न्यूझीलंडनें १८९८ सालीं वृद्धांकरितां पेन्शनीचा कायदा केला, त्याची हकीकत ऐकून त्यांनीं १८९९ पासून मजूरसंघांस जोडीस घेऊन चळवळ चालविली. दहा वर्षें लागलीं. १९०८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला, आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांच्या गरीब माणसांस आठवड्यास पांच शिलिंग पोस्टांत मिळूं लागले. पूर्ण रकमेकरितां उत्पन्नाची मर्यादा तेथेंही २१ च होती, परंतु पौंड! पैसे पोस्टांतून दिल्यानें म्हाताऱ्यांस अनाथगृहाच्या दारीं उभें राहण्याची लाज उरली नाहीं. आरंभीं त्या कायद्यांत एक कठोर कलम होतें : ज्यानें नुकतीच गरीबखात्याची मदत घेतली त्यास पेन्शन नाहीं. म्हणजे जो सर्वांत कंगाल तोच वगळलेला. लोकांनीं तेंही लावून धरलें, व १९११ पासून ती अडचण दूर झाली.

कोणी म्हणेल, पौलानें तीमथ्यास विधवांचा भार मुलानातवंडांवर टाकावयास सांगितलें आहे; मग सरकारपुढें हात कां पसरावा? तोच अध्याय पुढें वाचावा. मंडळीच्या यादींत नांव घालण्यास पौलानें साठ वर्षांची अट घातली आहे, व जिला कोणी नाहीं तिच्याकरितां ती यादी राखून ठेविली आहे. (२०११ सालीं सरकारनें साठच वर्षें ठरविलीं, यांत कोणी भविष्यवाद शोधूं नये.) पौलास याद्यांचें वावडें नव्हतें. त्यास वावडें होतें तें घरच्यांनीं अंग काढून घेण्याचें.

आणि हें अंग काढून घेणें आमच्या मंडळ्यांत शिरत आहे. मार्काच्या सातव्या अध्यायांत, आपलें धन देवास अर्पण झालें असें सांगून आईबापांस वाऱ्यावर सोडणारे मुलगे आहेत. आजचा मुलगा अर्पणाचें नांव घेत नाहीं. तिला सरकार देतें, असें म्हणतो. दीड हजारांत महिन्याचें औषध एखादे वेळीं भागेल, पोट भागत नाहीं. कित्येक घरीं तर सून पासबुक ठेवते, नातू पैसे काढून आणतो, आणि म्हातारीस किती जमा झाले हें विचारावयाचीही चोरी असते. येथें पाळकानें संकोच करूं नये. मात्र उपदेशकांनींही एक पथ्य पाळावें : कोणाचें पासबुक आपल्या घरीं ठेवूं नये, व अर्ज लिहून दिल्याबद्दल कोंबडीसुद्धां घेऊं नये. दलाल तेंच करितात, आणि लोकांनीं आपणांस त्यांच्यांत गणावें हें बरें नाहीं.

शेवटीं एक कामाची गोष्ट. वर्षांतून एकदां हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला कीं जिवंत माणसाचे पैसे बंद पडतात. हें बहुधा अंथरुणास खिळलेल्यांच्या बाबतींत घडतें. कोणाच्या यंत्रावर अंगठा उमटत नाहीं, कोणास बँकेपर्यंत उचलून नेणारा नसतो. अशांच्या घरीं प्रभुभोजन घेऊन पाळक जातातच. त्या फेरीच्या वहींत प्रत्येक नांवासमोर, दाखला कोणत्या तारखेस दिला हें लिहावयास एक रकाना आंखून ठेवावा.