ई जीवनसत्त्व आणि त्वचेचे रक्षण

क्रीमच्या डबीवर 'ई जीवनसत्त्वयुक्त' हे शब्द आज सर्रास छापलेले दिसतात. ते वाचून आपण चार पैसे जास्त मोजतो. परंतु हा घटक कोणते काम करतो आणि कोणते करीत नाही, हे जाणून घेतल्याशिवाय पैसे मोजणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा थोडक्यात विचार करू.

१९२२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांतून या जीवनसत्त्वाचा शोध लावला. त्याची एकूण आठ रूपे आहेत. त्यांपैकी आपल्या त्वचेत प्रामुख्याने आढळणारे रूप म्हणजे आल्फा-टोकोफेरॉल. ते तेलात विरघळते. त्वचेतील तैलग्रंथी आपल्या स्रावाबरोबर ते पृष्ठभागावर आणून सोडतात. म्हणजे हे रक्षण मुळात शरीरानेच योजलेले आहे.

रक्षण कसे होते?

उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत 'मुक्त मूलके' तयार होतात. हे अस्थिर कण पेशींच्या आवरणातील मेदावर हल्ला करतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्या रेणूला बिघडवतो, आणि अशी साखळी सुरू होते. ई जीवनसत्त्व स्वतःजवळचा हायड्रोजनचा अणू देऊन ही साखळी तोडते. या कामात ते स्वतः खर्ची पडते. त्वचा लाल होण्याइतके ऊन लागण्यापूर्वीच वरच्या थरातील त्याचा साठा घटू लागतो. वरून लावलेले ई जीवनसत्त्व ही तूट भरून काढण्यास मदत करते.

खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करते. त्यामुळे दोहोंची जोडी अधिक उपयुक्त ठरते. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी डुकराच्या त्वचेवर १५ टक्के क व १ टक्का ई यांचे मिश्रण लावून पाहिले. तेव्हा उन्हाच्या दाहापासून सुमारे चौपट संरक्षण मिळाल्याचे आढळले.

वेष्टनावर काय वाचावे?

शुद्ध टोकोफेरॉल हवेने व उजेडाने लवकर खराब होते. म्हणून पुष्कळ क्रीममध्ये 'टोकोफेरिल ॲसिटेट' वापरतात. ते टिकाऊ असते. परंतु त्वचेतील विकरांनी त्याचे टोकोफेरॉल केल्याशिवाय ते मुक्त मूलकांना अडवू शकत नाही, आणि हे रूपांतर सावकाश होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती मुदत ठेव आहे, हातातली रोकड नव्हे.

मर्यादा

पहिली गोष्ट, ई जीवनसत्त्व सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. भर दुपारी शेतात किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांना टोपी, पदर, पूर्ण बाह्यांचा कपडा आणि सावली यांचाच पहिला आधार आहे.

दुसरी गोष्ट, कॅप्सूल फोडून व्रणावर लावण्याची प्रथा. १९९९ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या १५ रुग्णांवर झालेल्या एका लहान अभ्यासात दहापैकी नऊ व्रणांना त्याचा फायदा झाला नाही किंवा व्रण अधिकच वाईट दिसू लागले. आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांना त्वचेचा दाह झाला. म्हणून कोणतेही नवे मलम आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून पाहावे. खाज वा पुरळ आल्यास ते बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट विशेषतः आपल्या विद्यार्थिनींसाठी. रंग उजळणे हे या जीवनसत्त्वाचे काम नव्हे. सावळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो, आणि तेही उन्हापासून रक्षणच करते. जे आपले रक्षण करते त्याची लाज का वाटावी?

सारांश, ई जीवनसत्त्व त्वचेचा खरा मदतनीस आहे. परंतु तो मदतनीसच आहे, जादूगार नव्हे. डबीवरील मोठी अक्षरे वाचून भुलण्यापेक्षा बारीक अक्षरे वाचून पारखण्याची सवय आपण लावून घेऊ. शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.