एमकेडिर : फोल्डर मागायचा कसा?

सी शिकायला बसलं की आपण धरून चालतो की फोल्डर आपला प्रोग्रॅम बनवतो. तसं नसतं. प्रोग्रॅम फक्त कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागणी करतो. या मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि युनिक्स-लिनक्सवर फोल्डरसाठीच्या कॉलचं नाव आहे एमकेडिर.

समजा, आपल्या मंडळाचे जुने अंक वर्षवार लावायचेत. ‘अंक’ या फोल्डरात ‘२०२४’ हा फोल्डर हवा. एमकेडिरला दोनच गोष्टी द्यायच्या : पाथ आणि परवानग्या. काम झालं तर उत्तर शून्य. नाही झालं तर उणे एक, आणि का झालं नाही ते एरनोमध्ये मिळतं. ‘अंक’ हाच फोल्डर अजून नसेल तर एरनो म्हणतो ईनोएंट, कारण हा कॉल एका वेळी एकच पायरी बांधतो.

परवानग्या बहुधा ०७५५ अशा लिहितात : मालकाला सगळं, इतरांना वाचणं आणि आत शिरणं. पुढचं शून्य शोभेचं नाही. त्याच्यामुळे सी हा आकडा अष्टमान धरतो. शून्य गाळलंत तर ७५५ दशमान होतो, आणि मालकालाच फोल्डरातली यादी दिसेनाशी होते. कंपायलर मात्र गप्पच! शिवाय वर युमास्कची चाळणी असते. तुम्ही ०७७७ मागितलेत आणि युमास्क ०२२ असेल, तर पदरात ०७५५च पडतं.

आता खरी गंमत. बरेच जण आधी फोल्डर आहे का ते तपासतात, आणि नसेल तर बनवतात. वाचायला अगदी शहाणपणाचं वाटतं ना? पण सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी आठवा. जागा रिकामी दिसली म्हणून घरच्यांना बोलवायला गेलात, की परत येईपर्यंत तिथे कुणीतरी बसलेलं असतं. म्हणून आपली माणसं बघत बसत नाहीत, खिडकीतून सरळ रुमाल टाकतात. तसंच इथे : न विचारता एमकेडिर करायचं. दोन प्रोग्रॅमनी एकदमच मागणी केली तरी एकालाच शून्य मिळतं, दुसऱ्याला ईएक्झिस्ट. त्या नावाची साधी फाइलही असू शकते, म्हणून ईएक्झिस्ट आल्यावर ते नाव फोल्डरचंच आहे ना, एवढं स्टॅट या कॉलने बघून घ्यावं.

ही शिस्त युनिक्सलाही उशिराच लागली. जुन्या युनिक्समध्ये असा कॉलच नव्हता. एमकेडिर ही आज्ञा होती, पण ती आतून तीन-चार कामं वेगवेगळी करायची : आधी रिकामी डिरेक्टरी, मग मालकी बदलायची, मग एक टिंब आणि दोन टिंबं या नावांचे दुवे जोडायचे. हे साध्या वापरकर्त्याला जमत नसे, म्हणून आज्ञा सुपरयूजरच्या अधिकाराने चालायची. मध्येच थांबली तर डिरेक्टरी अर्धवट. त्याहून वाईट म्हणजे, मालकी बदलण्याआधीच्या क्षणात कुणी त्या नावावर पासवर्डची फाइल आणून ठेवली, तर तिचीच मालकी त्याच्या हाती जायची. १९८३च्या ४.२ बीएसडीमध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने, हे सगळं कर्नलच्या आत एकाच कॉलमध्ये आणलं.

मराठी नावं चालतात का? हो, खुशाल. फक्त मोजमाप वेगळं. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजायचं. ‘ख्रिस्तपुराण’ डोळ्यांना पाच अक्षरं, कर्नलला बारा चिन्हं, म्हणजे ३६ बाइट. १६१६ साली ते रोमन लिपीत छापलं गेलं होतं. त्या लिपीत साध्या अक्षराला एकच बाइट लागतो. आपल्याला मिळतात जेमतेम ८५ चिन्हं. कवितेच्या पहिल्या दोन ओळी फोल्डरच्या नावात घालायची हौस असेल, तर ईनेमटूलाँग हा एरनोही ओळखीचा करून ठेवा.