साखर, 'नेर्व्हिओस' आणि दहा मिनिटांचं चालणं



लॉस एंजेलिसमधल्या माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या लॅटिनो कुटुंबांतले. त्यांतल्या एक बाई, वय चोपन्न, हॉटेलात खोल्या आवरतात. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. साखरेच्या नोंदींची वही मार्चपर्यंत नीट भरलेली, पुढची पानं कोरी. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, नेर्व्हिओस." म्हणजे झोप नाही, छातीत धडधड, अंग जड, कशातच मन नाही. 'उदास वाटतं' असं त्या सरळ म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे तरी किती जण म्हणतात? डोकं दुखतं, पाठ धरते, एवढंच सांगतात. नऊ प्रश्नांची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये भरून घेतली, तेव्हा नैराश्य स्पष्ट दिसलं.

मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतं. मन खचलं की गोळ्या चुकतात, साखर चढते, आणि चढलेली साखर पाहून मन आणखी खचतं.

हे चक्र तोडायला "चाला" म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "दिवसभर पायांवरच तर असते!" खरंच आहे. पण गाद्या उचलणं हे राबणं झालं. त्यात ना आपली गती, ना मोकळी हवा, ना कुणाची सोबत. 2017 ते 2020 च्या अमेरिकी सरकारी पाहणीत कामाव्यतिरिक्त कसलाच व्यायाम न करणारे लॅटिनो प्रौढ 32 टक्के होते, गोरे 23 टक्के. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. दोन-दोन नोकऱ्या करून, अंधाऱ्या रस्त्याने घरी येणाऱ्याने फिरायला जायचं कधी?

आठवड्याला 150 मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलाच नाही. खचलेल्या माणसाला तो आकडाच डोंगरासारखा वाटतो. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं, धाकट्या बहिणीबरोबर, एवढंच ठरलं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि बहीण दाराशी येऊन उभी राहिली की टाळता येत नाही. औषधं आणि समुपदेशन सोबत चालूच ठेवलं. चालणं त्यांची जागा घेत नाही. तीन महिन्यांनी वहीत पुन्हा आकडे दिसू लागले.

इन्सुलिन घेत असाल तर निघण्यापूर्वी साखर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा. पायाला जखम असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर थांबू नका: अमेरिकेत 988 लावा, 2 दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं, भारतात टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.